पडलं तर थांबायचं नाही

४ फेब्रुवारी, दुपार

प्रिय काटकोन्या,

पाकीट उघडलंस म्हणजे अक्षर ओळखलं नाहीस. ओळखलं असतंस तर थेट केरात गेलं असतं. आता उघडलंच आहेस तर वाच. मी तुझी बाई. हो, तीच, नाच बसवणारी. अजून आहे. एकाहत्तर पूर्ण झाली, दोन्ही गुडघे संपावर गेलेत, जीभ तेवढी रोज कामावर हजर असते.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. माझी धाकटी बहीण आता माझ्याकडेच राहते. तिला साठीत मोटार शिकायची हौस आली! शिकवणाऱ्यांची पत्रकं गोळा करून आणली, त्यातल्या एकावर तुझा फोटो. केस गेले, पोट आलं, पण गाडीच्या खिडकीत ठेवलेलं ते कोपर बरोबर काटकोनात. मी चष्मा न लावता ओळखलं. मोटार शिकवतोस हे वाचून बरं वाटलं. शेजाऱ्याच्या पायाखाली एक ब्रेक आणि तुझ्या पायाखाली एक, असं असतं ना त्या गाडीत?

कामाचं बोलते. आपला तो नाच, 'ये-जा', पुन्हा बसवतेय. इथल्या नाट्यगृहाला त्यांच्या जुन्या गाजलेल्या गोष्टी पुन्हा रंगमंचावर आणायच्या आहेत, त्यात आपला नंबर लागला. मे महिन्यात चार प्रयोग. सहा जण मिळालेत, सगळे तिशीच्या आतले. तालीम एका जुन्या व्यायामशाळेत चालते. जमिनीवर कुठल्याशा खेळाच्या पिवळ्या रेघा आहेत, आणि खिडक्या इतक्या उंच की उघडायला काठी लागते.

पोरं गुणी आहेत, पण फार शिकलेली. चालायला सांगितलं की तरंगतात. अरे, दूध आणायला निघालेला माणूस असा चालतो का? तीन आठवडे नुसतं चालवलं त्यांना, मग खांद्यावर गाद्या दिल्या. एकाने विचारलं, "बाई, संगीत कुठलं?" म्हटलं, "तुझ्या बुटांचं." दुसरा फार भाव दाखवतो, त्याला रोज सांगते, चेहरा घरी ठेवून ये. धाकटी एकदा तालीम बघून गेली. म्हणाली, "ताई, हे तर घर बदलताना करतात तसंच आहे. हमाल लावले असतेस तर निदान सामान तरी पोचलं असतं." मी म्हटलं, तुला नाचातलं काय कळतं! ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

तुझ्या जागी एक मुलगी आहे. उंच आहे म्हणून सगळे तिला शिडी म्हणतात. माझं गाडं तिच्यापाशीच अडलंय. तू गादी टाकून डावीकडून निघायचास ते मध्यापर्यंत किती पावलं होती? माझ्या वहीत नेमका तिथेच चहा सांडलाय. तेवढं कळव. बाकी मी बघून घेईन.

पाय आता बराच असेल. घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांग.

तुझी बाई


१९ फेब्रुवारी, सकाळ

काटकोन्या,

तुझं कार्ड मिळालं. धाकटीने दोनदा वाचायला लावलं, म्हणून पाठच झालंय. "आदरणीय महोदया, पावलं सतरा. अठराव्याला मी पडलो. पुढचं मला माहीत नाही, मी जमिनीकडे बघत होतो. कळावे."

महोदया! नळजोडणीसाठी अर्ज केलायस का रे? आठ वर्षं माझ्या ताटातलं उचलून खाल्लंस, माझ्या घरच्या पंख्याची पाती पुसलीस, आणि आता महोदया. मी तुला चिडून चार शब्द ऐकवणार होते, तर धाकटी म्हणते, "बरोबर लिहिलंय त्याने." घरचाच भेदी!

ठीक आहे. तुला त्याच संध्याकाळबद्दल बोलायचंय तर बोलू. एकदा माझीही बाजू ऐक.

आपली पद्धत तुला माहीत होती. प्रयोगाआधी प्रत्येकाने बिस्किटांच्या डब्यातून तीन चिठ्ठ्या काढायच्या. 'बस', 'मागे फिर', 'थांब', 'पड'. कुणाला काय आलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, कधी करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. आणि भिंतीवर मी स्वतः लिहून लावलं होतं: कुणी पडलं तर थांबायचं नाही. तोंडातून आवाज काढायचा नाही. हे नियम गंमत म्हणून नव्हते. त्याआधी एकदा एक जण घसरली आणि बाकीच्यांनी असं तोंडावर हात ठेवून 'अगं बाई' केलं की सगळा नाच बिचकला. रस्त्यात माणसं पडतात, लोक बाजूने जातात, मला तेच हवं होतं. म्हणून तू पडलास तेव्हा सगळ्यांना वाटलं, याला 'पड' आलेली दिसतेय. दोघं तुझ्यावरून गादी घेऊन गेले. एकीने तुला ओलांडलं. त्यांना दोष देऊ नकोस, ती पोरं माझा शब्द पाळत होती. अकरा मिनिटांनी दिवे मंद झाले तेव्हा तू उठत नाहीस हे कळलं. मग धावपळ झालीच ना? टाचेची नस तुटली होती. डॉक्टरही म्हणाले की अकरा मिनिटं आधी आणला असता तरी काही फरक पडला नसता. मी त्यांना मुद्दाम विचारलं होतं.

आणि दवाखान्यात मी आले होते, हे तू विसरतोस. दुसऱ्याच दिवशी आले. हां, फुलं आणायला हवी होती. मी वर्तमानपत्र आणलं. त्यात आलं होतं, "पडलेल्या माणसाची ती निश्चल अकरा मिनिटं म्हणजे या नाचाचं काळीज." मला वाटलं, तुला आनंद होईल. मी तुला ते मोठ्याने वाचून दाखवलं, शेजारच्या खाटेवरच्यालाही ऐकू जाईल असं. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

पुढे तो भाग मी ठेवला हे खरं. दुसऱ्याकडून करून घेतला, अडतीस प्रयोग. लोक मागत होते. तुला राग आला तर तो तू तोंडाने सांगायचास, मी काय मनकवडी आहे? तू मूग गिळून बसलास आणि निघून गेलास.

असो. पावलं कळवलीस, आभारी आहे.

बाई


९ मार्च, तालमीनंतर

प्रिय काटकोन्या,

मागचं पत्र पाठवायला नको होतं. पेटीत टाकलं आणि लगेच वाटलं, हात घालून बाहेर काढता आलं तर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आज शिडीला तुझं पडणं शिकवायला घेतलं. ती प्रश्न फार विचारते. तूही विचारायचास. तुला आठवतं, तू पहिल्यांदा आलास ते गादीच्या दुकानातून गादी पोचवायला? एका खांद्यावर गादी, कोपर काटकोनात, आणि ती तू अशी खाली ठेवलीस जसं झोपलेलं मूल ठेवतात. मी म्हटलं, "उचल आणि परत ठेव." तू ठेवलीस. "परत." सहाव्यांदा तू घाम पुसत म्हणालास, "बाई, गादी पसंत नाही का?" मी म्हटलं, "गादीचं काय घेऊन बसलास, मला तू पसंत आहेस." तू लाजलास आणि पावतीवर सही न घेताच पळालास. दुसऱ्या दिवशी सही घ्यायला आलास तो आठ वर्षं राहिलास. मला मूलबाळ नाही. असतं तर त्याने तुझ्याइतकं माझं ऐकलं नसतं.

तर शिडी. मी तिला वहीतून सांगत होते: पडायचं, कुशीवर, तोंड पहिल्या रांगेकडे. दुसऱ्या मिनिटाला उजव्या हाताची बोटं जमिनीवर तीनदा आपटायची. थांबून पुन्हा तीनदा. चौथ्या मिनिटाला पुन्हा. तिने करून बघितलं आणि आडवी पडल्या पडल्याच विचारलं, "बाई, ही बोटं कशासाठी? हा माणूस काय म्हणतोय?"

मी म्हटलं, आपल्यात कशाचा अर्थ विचारत नाहीत. ती म्हणाली, "अर्थ नाही विचारत. पण हे कुणाला तरी उद्देशून आहे. असं उगाच कुणी करत नाही. हे बसवलं कुणी?"

मी पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आलेच नाही. सगळ्यांना लवकर सोडलं. आता इथे एकटीच बसलेय, वही समोर आहे, आणि तुला खरं सांगायचं ठरवलंय.

वहीवर चहा सांडलेला नाही. ते पान स्वच्छ आहे. पावलं सतरा, माझ्याच अक्षरात लिहिलेली आहेत. मला फक्त तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं.

त्याच पानावर त्या संध्याकाळच्या नोंदी आहेत. मी पहिल्या रांगेत घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसायचे, तुला माहीत आहे. तिथे असं लिहिलंय: "मि. २. बोटं. माझ्याकडे बघतोय. हाक मारतोय. छान."

हाक मारतोय. मी लिहिलंय ते. तेव्हाच, तिथेच.

म्हणजे मला कळलं होतं, काटकोन्या. पहिल्या मिनिटात नाही, पण दुसऱ्यात कळलं होतं. तुझ्या गळ्याची शीर दिसत होती. मी उठून एक हात वर केला असता तरी सगळे थांबले असते. आणि मी उठले नाही, कारण ते इतकं सुंदर दिसत होतं की मला ते मोडवेना. मी स्वतःला सांगितलं, अजून एक मिनिट. मग अजून एक. अशी नऊ मिनिटं मी तुझ्याकडे बघत बसले आणि लिहीत राहिले. सगळ्या नोंदी आहेत.

इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुला विचारायचे, गाढवा, ओरडला का नाहीस? एक हाक तोंडाने मारायचीस. आज शिडी तोंड न उघडता बोटं आपटत होती तेव्हा कळलं. ओरडू नकोस असं तुला आठ वर्षं मीच शिकवलं होतं. डॉक्टर म्हणाले तसा पायाला काही फरक पडला नसेल. तुला पडला.

माफी मागायचा मला सराव नाही. माफ कर.

त्या भागाचं काय करायचं ते तू सांग. ठेवू म्हणालास तर ठेवीन, काढ म्हणालास तर काढीन. आज पहिल्यांदा तुझ्यावर सोपवतेय.

तुझी बाई


२८ मार्च, दुपार

प्रिय काटकोन्या,

तुझं पत्र आलं. या वेळी महोदया नाही, नुसतं "बाई". त्यावरच मी पाच मिनिटं अडकले होते, मग पुढे वाचलं.

"ऑपरेशननंतर मी घरी सगळ्यांना सांगत होतो, बाईंनी बघितलं होतं, त्यांना दिसलं होतं. सगळे म्हणाले, दुखण्यात माणसाला काहीही भास होतात. हळूहळू मलाही तसंच वाटायला लागलं. मग वाईट वाटायचं की आपण बाईंवर उगाच आळ घेतला. म्हणजे ते खरं होतं तर. तो भाग काढून टाका. तिथे रिकामी जागा ठेवू नका, अंधार करू नका, माझं नाव घालू नका. मी येणार नाही."

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. आयुष्यात चाळीसेक नाच बसवले. लोकांना त्यातला एक आठवतो, आणि त्या एकातली ती अकरा मिनिटं. तीच तू मागितलीस. धाकटीपाशी धुमसत होते, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, ती तुझी होतीच कधी?" मी उठून खोलीत गेले.

तिसऱ्या दिवशी मी पळवाटा काढायला लागले. म्हटलं, कुणी पडणार नाही, पण तिथे अकरा मिनिटं नुसता दिवा ठेवू. मग आठवलं, "रिकामी जागा ठेवू नका." म्हटलं, नुसता अंधार. "अंधार करू नका." मेल्या, किती ओळखतोस रे मला! एकही फट ठेवली नाहीस.

तर काढला. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बाई, लोक तेवढ्यासाठीच तर येतात. ते गेलं तर मग राहिलं काय?" म्हटलं, "चालणं." म्हणाले, "कारण काय सांगू?" म्हटलं, "बाईंची लहर म्हणून सांगा, सगळ्यांना पटेल." खरं कारण त्यांना सांगायचं धाडस झालं नाही. पोरांनाही सांगितलं नाही. शिडी माझ्याकडे बघत होती, मी घड्याळाकडे बघत राहिले.

भिंतीवरचा नियम मात्र बदलला. आता कुणी पडलं तर सगळ्यांनी थांबायचं. त्यांनी तो भलताच मनावर घेतलाय. परवा एकाच्या बुटाची नाडी सुटली तर पाचही जण त्याच्याभोवती जमले. एकीने त्याला पाणी पाजलं. अर्धा तास तालीम गेली, नुसती खिदळत होती कार्टी. मी ओरडणार होते. मग मीही थोडं पाणी प्यायले.

तू येणार नाहीस हे समजलं. ये म्हणत नाही. पण पत्र लिहीन, तेवढी परवानगी आहे असं धरून चालते.

तुझी बाई


१८ मे, सकाळ

प्रिय काटकोन्या,

पहिला प्रयोग परवा झाला. काल वर्तमानपत्रात आलं, "वयानुसार बाईंची धार गेलेली दिसते. ज्यासाठी हा नाच ओळखला जातो तेच त्यातून गायब आहे." बरोबरच आहे त्याचं. नाच आता एक्केचाळीस मिनिटांचा आहे आणि थोडा साधाच आहे. माणसं येतात, जातात, गाद्या ठेवतात. सुटल्यावर एक आजोबा बायकोला म्हणत होते ते पडद्याआडही ऐकू आलं, "चल, लवकर सुटलं, बस मिळेल."

मी या वेळी पहिल्या रांगेत बसले नाही. वही नेली नाही. पडद्याआड उजव्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते, जिथून नाचणारे बाहेर येतात. शिडी गादी ठेवून निघाली. मी पावलं मोजत होते. ती मधोमध आली आणि चालत पुढे गेली, आणि सरळ माझ्यासमोर बाहेर आली. मी तिचा दंड धरला. "लागलं नाही ना गं कुठे?"

"नाही बाई," ती धापा टाकत म्हणाली. "का?"

तिला परत आत जायचं होतं, म्हणून मी सोडलं. पण त्या 'का'ने मला पुढे काही बघू दिलं नाही. टाळ्या झाल्या, लोक गेले, तेव्हा मी सहाही जणांना रंगमंचावरच गाद्यांवर बसवलं आणि सगळं सांगितलं. तुझं पडणं, ती बोटं, वहीतली ओळ, दवाखान्यातलं वर्तमानपत्र, पुढचे अडतीस प्रयोग. काही सजवलं नाही, काही गाळलं नाही. मला वाटलं होतं, पोरं म्हणतील, बाई, तेव्हाचा काळच वेगळा होता. एकदोघं तसं म्हणालीही. बाईंचं वय बघून म्हणाली असतील.

शिडी म्हणाली नाही. तिने विचारलं, "तो तुमच्याकडे बघत होता?"

"हो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही बसून राहिलात?"

"हो, बसून राहिले."

ती उठली. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "तुम्ही मला ते शिकवत होतात. मी तुमच्यासमोर ती बोटं आपटत होते, आणि तुम्ही मला म्हणालात, जरा हळू आपट." मग बूट हातात घेऊन अनवाणीच निघून गेली. बाकीचे जमिनीकडे बघत बसले. कुणी तिला थांबवलं नाही, मीही नाही.

काल दुसऱ्या प्रयोगाला ती वेळेवर आली, काम चोख केलं, आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी खुर्चीत होते तरी माझ्याकडे न बघता समोरून गेली. मी तिला समजवायला गेले नाही, जाणारही नाही. तिने मला माफ करावं असं मला वाटत नाही, निदान इतक्यात तरी.

काटकोन्या, त्या संध्याकाळी तिथे चारशे माणसं होती आणि तुझ्यासाठी एकही जण चिडला नाही. घरच्यांनी भास म्हटलं, डॉक्टरांनी काही फरक नाही म्हटलं, वर्तमानपत्राने काळीज म्हटलं. परवा एक पोरगी, जिने तुला कधी पाहिलेलं नाही, तुझ्यासाठी माझ्या तोंडावर संतापली आणि रडली. तुला हे कळायला हवं, म्हणून लिहिलं.

तुझी बाई